तासाभरात काय शिकवता?

"विद्यापीठातून येऊन तासाभरात मुलांना आरोग्य काय शिकवणार?" शाळेत विचारतात, विभागातही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. तासाभरात एकच गोष्ट शिकवता येते, तीही मुलांच्या हातून झाली तरच. पूर्वी मी हात धुणं, दात, आहार, जंत, जुलाब सगळं एका तासात कोंबायचे. मुलं एकसुरात "हो" म्हणायची आणि मला वाटायचं, समजलं.

जलसंजीवनीच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याच्या तासाला ते उघडं पडलं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. फळ्यावर लिहिलं, तीनदा म्हणवून घेतलं, फळा पुसला. मग एका मुलीला वर्गाला शिकवायला सांगितलं. तिने न अडखळता सांगितलं: मीठ सहा, साखर अर्धा. वर्गात कुणालाच खटकलं नाही. असं पाणी जुलाब झालेल्या तान्ह्याला पाजलं तर मिठातलं सोडियम रक्तात चढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढलं जातं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. चूक तिची नव्हती. आम्ही आकडे दिले होते, कारण दिलं नव्हतं: आतड्यात साखरेतलं ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर फार झाली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

आता क्रमच बदललाय. पाच मिलिलिटरचा चमचा, पट्टीच्या कडेने शीग काढायची. आधी मीठ घालायचं, ढवळायचं, चाखायचं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. मगच साखर. आकडा विसरला तरी जीभ अडवते.

"मग जलसंजीवनीचं तयार पाकीटच आणा म्हणून सांगा ना!" सांगतेच. पाकिटात पोटॅशियम आणि सायट्रेटही असतं, म्हणून पहिला मान त्याचाच. पण लिटरचं पाकीट पेल्यात ओतणारी घरंही असतात. माप तिथेही शिकवावंच लागतं.

हात धुणं वगळल्याची टोचणी मात्र आहे. जुलाब होऊच नयेत म्हणून साबण आधी यायला हवा, असं माझ्यातली जुनी शिक्षिका म्हणते. तिला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. दुसरा तास मिळाला तर तो साबणाचा.