मॉरवेनस्टोच्या कड्यावरची खोप

इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलला जाणारे बहुतेक पर्यटक दक्षिणेकडील बंदरांकडे वळतात. मी मात्र ब्यूडहून उत्तरेला, डेव्हनच्या सीमेलगतच्या मॉरवेनस्टोला गेलो, ते केवळ रॉबर्ट स्टीफन हॉकर या आता विस्मरणात गेलेल्या कवीसाठी. १८७५ मध्ये निधन होईपर्यंत सुमारे ४० वर्षे ते येथे पाद्री होते. चर्चशेजारी त्यांनी बांधवून घेतलेल्या घराची धुराडी त्यांच्या परिचयाच्या चर्चांच्या मनोऱ्यांसारखी आहेत, आणि स्वयंपाकघराचे धुराडे तर चक्क आईच्या थडग्याच्या आकाराचे! अशा माणसाने काय लिहिले असेल, हे कुतूहल मला तरी आवरता आले नाही.

चर्चच्या आवारात १८४२ मध्ये फुटलेल्या 'कॅलेडोनिया' जहाजाच्या नाळेवरील (पुढच्या टोकावरील) मूर्तीची पांढरी प्रतिकृती उभी आहे. हाती ढाल-तलवार घेतलेली ती मूळ मूर्ती आता चर्चमध्ये जपून ठेवली आहे. या खडकाळ किनाऱ्यावर लागलेली खलाशांची प्रेते वर आणवून हॉकर त्यांचे रीतसर दफन करीत.

शेतांमधून जाणारी पायवाट कड्याशी संपते, आणि थोडे खाली उतरल्यावर, फुटलेल्या जहाजांच्या लाकडातून त्यांनी उभारलेली, गवताच्या छपराची खोप दिसते. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची ही सर्वांत लहान वास्तू. आतल्या फळ्यांवर नावे इतकी दाटीने कोरलेली आहेत की एक वाचू जाता दुसऱ्याची अक्षरे मध्ये येतात. येथे बसून त्यांनी ग्रेलच्या, म्हणजे दंतकथेतल्या ख्रिस्ताच्या पवित्र पात्राच्या शोधावरील काव्य लिहिले, जे अपूर्णच राहिले. १८४८ मध्ये प्रख्यात इंग्रज कवी टेनिसन त्यांना भेटून गेले होते. त्यांच्या तोलाचे हॉकर नव्हेत, हे मान्यच आहे. पण टेनिसन वाचताना आपले मत आधीच्या समीक्षकांनी घडवलेले असते, तर हॉकर यांची फसलेली ओळ आणि साधलेली ओळ आपल्यालाच निवडावी लागते, आणि मला त्यातच गोडी वाटते.

हॉकर यांचे ट्रेलॉनी या सतराव्या शतकातील कॉर्निश बिशपवरील गीत प्रथम निनावी छापले गेले, आणि ध्रुपद जुने असल्याने स्कॉट आणि डिकन्स या लेखकांनाही सगळेच गीत प्राचीन वाटले. रग्बीच्या सामन्यांत कॉर्नवॉलची माणसे ते आजही गातात, कवीचे नाव न घेता. वाचायचेच झाल्यास कवितांपेक्षा त्यांच्या गद्यापासून आरंभ करावा. 'कॅलेडोनिया'ची हकीकत त्यात आहे, आणि तिखटमीठ लावण्याची त्यांची सवय ठाऊक असूनही ती एका बैठकीत वाचून होते.