तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ मागे का घेत नाही

"लायसन्सची तारीख उलटली ना? मग मशीनचं घड्याळ मागे घ्या की. एवढं काय त्यात?"

सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनवर अडकलेलं एखादं मॉडेल उघडून हवं असतं म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी लायसन्सची फाइल, लॉग, होस्टआयडी (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघत बसते. समोरच्याचा धीर सुटतो आणि हा प्रश्न येतोच. एका कमांडचं काम मी उगाच ताणतेय असं त्यांना वाटतं, ते चेहऱ्यावर दिसतं. आजवर मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे, "लायसन्स संपलं" म्हणून येणाऱ्या कितीतरी मशिनांवर लायसन्स संपलेलंच नसतं. लायसन्स तपासणारी प्रणाली, फ्लेक्सएलएम, पडद्यावर एक आकडा दाखवते आणि तो कुणी वाचत नाही. उणे पंधरा म्हणजे लायसन्स सर्व्हरशी बोलणंच होत नाहीये. बहुधा डीमन, म्हणजे मागे चालणारा लायसन्सचा प्रोग्राम, उठलेला नसतो. उणे नऊ म्हणजे लायसन्स ज्या मशीनच्या नावावर आहे ते हे मशीन नाही. उणे आठ आला की मला न विचारता कळतं, कुणीतरी फाइलमधली तारीख हातानं बदललीय. फाइल साधा मजकूर असते, तारीख डोळ्यांना दिसते, म्हणून मोह होतो. पण ओळीतली की, म्हणजे पडताळणीचा सांकेतिक आकडा, त्या तारखेवरूनही काढलेली असते. तारीख बदलल्यावर ती की जुळत नाही. खरोखर संपलं असेल तर उणे दहा येतो. आधी आकडा सांगा, मग घड्याळाचं बोलू.

उणे नऊचं कारण या मशिनांवर बहुतेकदा एकच निघतं. सनच्या बोर्डावर एक टाइमकीपर चिप असते. घड्याळ तिच्यात, होस्टआयडी तिच्यात, नेटवर्कचा पत्ताही तिच्यातच, आणि हे सगळं जपणारी बॅटरी चिपच्या पोटात बंद केलेली. ती बॅटरी कधीतरी मरतेच. मग मशीन सुरू होताना आयडीप्रॉम (चिपमधली ओळखीची नोंद) अवैध असल्याचं सांगतं, नेटवर्कच्या पत्त्यात नुसते एफ दिसतात, आणि कायमचं विकत घेतलेलं लायसन्स स्वतःच्याच मशीनला ओळखत नाही. अशा वेळी चिप बदलायची आणि ओके प्रॉम्प्टवर, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीच्या कमांड-पडद्यावर, त्या नोंदीचे सोळा बाइट पुन्हा लिहायचे. शेवटचा बाइट आधीच्या पंधरांचा ताळा असतो, तो चुकला तर सगळं फुकट. यासाठी जुना होस्टआयडी कुठेतरी लिहून ठेवलेला लागतो. लायसन्सच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या ओळीवर तो असतो, म्हणून ती फाइल कधीही पुसू नका.

हे काम मी बिनदिक्कत करते. लायसन्स याच मशीनसाठी घेतलेलं असतं, मी मशीनला त्याचंच नाव परत देते. घड्याळाचं तसं नाही, असं मी म्हणते खरी. का म्हणते ते 2004 सालात आहे.

आमच्या लॅबमध्ये सनचं एक अल्ट्रा 10 होतं, त्यावर सोलारिस ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम. रचनांचं विश्लेषण करणारं एक सॉफ्टवेअर त्यावर चालायचं. लायसन्स वार्षिक होतं. त्या वर्षी नूतनीकरणासाठी पत्र गेलं आणि कळलं की विक्रेता कंपनी विकली गेलीय आणि नव्या मालकानं ते उत्पादन बंद केलंय. आम्ही पैसे भरायला तयार होतो, पण नवी की देणारं कुणी उरलंच नव्हतं. लायसन्सच्या ओळीत तारीख होती 9 मार्च 2004. दहाला सकाळी उणे दहा आला.

माझे ज्येष्ठ सहकारी तेव्हा त्या सॉफ्टवेअरवर एका मोठ्या कामाच्या अगदी मध्यावर होते. त्यांना थांबवणं मला जमलं नसतं. थांबवायचं नव्हतं, हेही खरं. मी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेली वापरकर्ती, म्हणून शिरले आणि घड्याळ बरोबर एक वर्ष मागे नेलं. घड्याळ मागे गेलंय का हे फ्लेक्सएलएम तपासू शकतं, तेव्हा उणे अठ्ठ्याऐंशी येतो. पण ही तपासणी चालू ठेवायची की नाही हे विक्रेता ठरवतो आणि या विक्रेत्यानं ती ठेवली नव्हती. सॉफ्टवेअर उघडलं. "झालं," मी म्हटलं. काय केलं ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. फायलींची यादी पडद्यावर होती. "या गेल्या महिन्यातल्या फायलींपुढे वेळ दिसायची, आता वर्ष का दिसतंय?" यादीची कमांड भविष्यातल्या फायलींपुढे वेळेऐवजी वर्ष छापते. मशीनसाठी फेब्रुवारी 2004 अजून यायचा होता. मला हे त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "घड्याळाचं काहीतरी झालंय, बघते." ते मान हलवून कामाला लागले.

29 मार्चला डेटाची डिस्क गेली. सिस्टिमची डिस्क वेगळी होती, ती ठीक होती. मी घाबरले नाही, कारण दर महिन्याच्या 1 तारखेला पूर्ण बॅकअप, लेव्हल शून्यचा, आणि रोज रात्री त्यानंतर बदललेल्या फायलींचा, लेव्हल नऊचा, असं यूएफएसडंप या बॅकअपच्या कमांडनं टेपवर चालू होतं. रोज सकाळी टेप मी स्वतः बदलत होते, वारानुसार सात टेप. नवी डिस्क लावली, 1 मार्चची टेप उतरवली, मग आदल्या रात्रीची. त्यांच्या कामाच्या फोल्डरमध्ये गेले. तिथे 1 मार्चचं काम होतं. त्यापुढचं काहीच नव्हतं.

टेप खराब असेल म्हणून त्याआधीची लावली, मग त्याआधीची. मग डंप, म्हणजे हे बॅकअप, कधी झाले ते नोंदवणारी डंपडेट्स ही फाइल उघडली. दोनच ओळी होत्या. वरची लेव्हल शून्य, सोमवार, 1 मार्च 2004. खालची लेव्हल नऊ, शुक्रवार, 28 मार्च 2003. त्या दोन ओळी मला आजही जशाच्या तशा दिसतात. लेव्हल नऊचा डंप फक्त लेव्हल शून्यनंतर बदललेल्या फायली उचलतो. आणि 10 तारखेपासून त्यांनी हात लावलेली प्रत्येक फाइल, मशीनच्या हिशेबानं, वर्षभर जुनी होती.

याहून वाईट म्हणजे ते लॉगमध्ये दिसत होतं. महिना पुढे सरकेल तसा रात्रीचा डंप वाढायला हवा. आमचा रोज घटत होता, कारण ते ज्या फाइलवर काम करत ती तारीख मागे जाऊन डंपमधून गळत होती. त्यामुळे 1 ते 9 मार्चमधलं कामही गेलं. ते ज्या टेपांवर होतं त्यांच्यावर आम्ही नव्या आठवड्याचे डंप घेतले होते. लॉगच्या शेवटी "डंप पूर्ण" असं लिहिलेलं असे, मी तेवढंच वाचत होते. आणखी तीन दिवस डिस्क टिकली असती तर 1 एप्रिलचा पूर्ण डंप आपोआप झाला असता आणि मला हे कधी कळलंच नसतं.

ते शेजारी उभे होते. "तू रोज टेप काढत होतीस ना?" एवढंच विचारलं. मी "हो" म्हटलं. ते उत्तर खरं होतं. घड्याळाचं त्यांना संध्याकाळी सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, आणि जवळजवळ चार आठवड्यांचं काम त्या कागदांवरून पुन्हा उभं करायला त्यांना दोन महिने लागले.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, लायसन्स देणारी कंपनीच राहिली नव्हती, यात कुणाचं काय चोरलं? तिला माझ्याकडे नीट उत्तर नाही. वर्षभराचे पैसे भरले होते, वर्ष संपलं होतं, हे कागदावर बरोबर आहे. पण पैसे घ्यायलाच कुणी नसेल तर ती तारीख नेमकी कोणाचा हक्क राखते, हे मला अजून कळलेलं नाही. ती असंही म्हणते की चूक घड्याळाची नव्हती, बॅकअप न तपासण्याची होती. त्याच दिवशी एक पूर्ण डंप घेतला असता, घड्याळ मागे नेल्यावर दुसरा घेतला असता, तर काही बिघडलं नसतं. हे पूर्ण खरं आहे, आणि तरी मला ते पटवून घ्यायचं नाही. कारण डंप सुचला असता तर मेक, म्हणजे बदललेल्या सोर्सवरून प्रोग्राम पुन्हा बांधणारी कमांड, राहिलं असतं: बदललेला सोर्स त्यापासून आधी बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा जुना दिसतो आणि मेक सांगतं सगळं अद्ययावत आहे. मेक सुचलं असतं तर आणखी काही राहिलं असतं. एका मशीनवर काय काय घड्याळाला टांगलेलं असतं याची पूर्ण यादी मला आजही देता येणार नाही. पण यादी नव्हती म्हणून मी गप्प बसले नव्हते. विचारलं तर ते नको म्हणतील, ही भीती होती.

म्हणून तुम्ही "एवढं काय त्यात" म्हणता तेव्हा माझा आवाज चढतो. तो राग तुमच्यावर नसतो, पण ऐकावा तुम्हालाच लागतो, त्याबद्दल माफ करा.

आता राहिलेलंही सांगते, नाहीतर हे अर्धंच होईल. ते अल्ट्रा 10 अजून चालू आहे. नेटवर्कची केबल काढलेली आहे, डिस्कवर जुन्या मॉडेलांच्या प्रती सोडून काही नाही. जुनं मॉडेल बघायचं असलं की मी ते सुरू करते आणि घड्याळ मागे नेते. म्हणजे जे करू नका म्हणते तेच करते. दर वेळी पोटात गोळा येतो, तरी करते.

मध्यंतरी ते सहकारी आले होते, त्यांच्याच त्या जुन्या कामातलं एक मॉडेल बघायला. मी कमांड टाइप करत असताना त्यांनी खुर्ची ओढली, खिशातून वही काढली आणि विचारलं, "आज कोणती तारीख लावतेस?" मी सांगितली. त्यांनी ती लिहिली, शेजारी त्या दिवसाची खरी तारीख लिहिली, आणि वही माझ्यापुढे सही करायला सरकवली.