बोअर बरोबर, उंची चुकीची

मोपेडचं ब्लॉक-पिस्टन किट घ्यायला गेलं की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "बोअर किती?" बोअर म्हणजे ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) आतला व्यास, मिमीमध्ये. 46 म्हटलं की डबा काउंटरवर येतो. एखादा जुना मिस्त्री पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिन किती जाडीची आहे तेही बघतो. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत उंची किती, हे विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

आप्पा नाशिकजवळच्या आशेवाडीकडचे, रामशेज किल्ल्याच्या पायथ्याचे. कोथिंबीर-मेथीच्या जुड्या मागे बांधून दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात यायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचं, हा त्यांचा दिनक्रम. गाडी 70 सीसीची, टू-स्ट्रोक, कारखान्याने कधीच बंद केलेली. ब्लॉक-पिस्टन नवं टाकल्यापासून ओझं घेऊन चढ चढेना. त्यांनी माझ्याकडे आणली तोवर निरनिराळ्या गॅरेजांत कार्बोरेटर बदलून झाला होता, जेट बदलून झाले होते, कॉइल नवी, क्लच शू नवे, सायलेन्सर जाळून कार्बन काढलेला. सगळा अंदाजपंचे कारभार. पैसे मात्र प्रत्येकाने मोजून घेतले.

"वढत नाही भाऊ, नुसती वरडती," आप्पा म्हणाले.

खरं तर निदान या वाक्यातच होतं. रिकामी गाडी सपाटीला पूर्वीपेक्षा जोरात पळत होती. खालच्या आरपीएमला दम नाही आणि वर गेल्यावर सुटते, असं इंजिन कार्बोरेटरमुळे क्वचितच वागतं. आधी पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतली भोकं) बघावेत.

सातपूरला माझं छोटं मशीन शॉप आहे. रोजचं काम जिग, बुश, शाफ्ट असलं. मोपेडचं इंजिन टेबलावर आलं की कामगार हसतात, पण टू-स्ट्रोकचं पोर्ट टायमिंग मोजण्याइतकं स्वच्छ काम दुसरं नाही. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. पिस्टन खाली-वर होतो आणि ब्लॉकच्या भिंतीतली भोकं उघडतो, झाकतो. कोणतं भोक किती अंश उघडं राहतं, यावर इंजिनाचा स्वभाव ठरतो.

200 मिमी व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची चकती, तिच्यावर अंश आखलेले. एवढ्या व्यासावर एक अंश म्हणजे पावणेदोन मिमी, त्यामुळे अर्धा अंशही डोळ्याने नीट वाचता येतो. मॅग्नेटो काढून चकती क्रँकवर घट्ट बसवायची आणि क्रँककेसला तारेचा काटा लावायचा. हेड काढलं की ब्लॉक सुटा होतो, कारण लांब स्टड दोघांना मिळून धरतात. म्हणून स्टडवर पाइपचे तुकडे घालून नट आवळायचे. हे न करता मोजणारे लोक ब्लॉक अर्धा मिमी उचललेला असताना आकडे लिहितात आणि वर वाद घालतात.

मग टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा. डायल गेजची सुई थांबली की टीडीसी, असं समजणाऱ्यांनी एकदा हिशेब करून बघावा. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, 42 मिमी. टीडीसीच्या आजूबाजूला क्रँक तीन अंश फिरला तरी पिस्टन 0.04 मिमीही हलत नाही. तेव्हा स्टडवर आडवी पट्टी लावून पिस्टनला मध्येच अडवायचं, क्रँक एका बाजूने टेकेपर्यंत फिरवायचा, मग उलट बाजूने, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये शून्य धरायचं. पोर्ट उघडण्याचा क्षण पकडायला 0.05 मिमी जाडीची फिलर पट्टी. पोर्टच्या वरच्या कडेत आणि पिस्टनच्या माथ्यात ती अडकली की वाचन घ्यायचं.

आप्पांनी जुना ब्लॉक आणि पिस्टन घरी गोणपाटात जपून ठेवला होता. शेतकरी माणूस लोखंड टाकून देत नाही, हे माझं नशीब. तोच सेट आधी बसवून प्रत्येक पोर्ट किती अंश उघडा राहतो ते मोजलं: एक्झॉस्ट (धूर बाहेर जातो तो) 136 अंश, ट्रान्सफर (क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर येतं तो) 112, इनटेक (कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं तो) 130. मग नवा बसवला: एक्झॉस्ट 146, ट्रान्सफर 123, इनटेक 130.

मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसलो. कुणी पिकअपसाठी एक्झॉस्ट पोर्ट घासला असता तर ट्रान्सफर हलला नसता. खाली जाड पॅकिंग पडून ब्लॉक उचलला गेला असता तर एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर वाढले असते, पण इनटेक कमी झाला असता, कारण तो पिस्टनच्या खालच्या कडेने उघडतो. इथे वरचे दोन वाढले आणि इनटेक जागच्या जागी. ब्लॉक जागेवर, स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) जागेवर. मग माथाच खाली असणार. बीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी खाली असताना, बघितलं तर पिस्टन पोर्टच्या तळापेक्षा दीड मिमी खाली बसत होता.

दोन्ही पिस्टनांत पिन घालून सरफेस प्लेटवर उंची घेतली. जुना 24.6, नवा 23.1. नव्या ब्लॉकचे पोर्ट मात्र जुन्याशी तंतोतंत. म्हणजे किटमधला ब्लॉक एका इंजिनाची नक्कल, पिस्टन दुसऱ्याच इंजिनाचा, आणि बोअर जुळला म्हणून दोघांचं एका डब्यात लग्न. दीड मिमीने हेडखाली अडीच सीसी जागा जास्त झाली. एवढ्याशा इंजिनात कॉम्प्रेशन तिथेच मेलं, वर पोर्टही लवकर उघडतात. चढावर कोण ओढणार?

डबा घेऊन दुकानात गेलो. त्यांच्याकडचे आणखी पिस्टन मोजले, सगळे 23.1. दुकानदार म्हणाला, "इतके विकले, पिस्टनची एकाचीही तक्रार नाही." कशी येणार? तक्रार कार्बोरेटरच्या नावाने येते, आणि तोही हाच विकतो.

जुना पिस्टन जॅम होऊन ओरखडलेला, तो वापरता येत नव्हता. शेवटी ब्लॉकचा तळ लेथवर दीड मिमी उतरवला. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर मूळ आकड्यांवर आले, कॉम्प्रेशन आलं. आप्पा जुड्या घेऊन चढतात आणि खूष आहेत.

पण ब्लॉक खाली आल्याने इनटेक 138 झाला. हळू चालवताना कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे येतो, एअर फिल्टर ओला होतो. आप्पांना ते दिसतही नाही. मला गाडी समोरून गेली की तेच दिसतं. तळ उतरवण्याऐवजी योग्य पिस्टन शोधायला थोडं थांबायला हवं होतं का, हे ठरत नाही. तिकडे भाजी मात्र थांबत नाही. तेव्हा कुणाच्या जुन्या साठ्यात स्टँडर्ड 46 बोअरचा, 12 ची पिन आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंत 24.6 उंचीचा पिस्टन असेल तर सांगा. ब्लॉक मी नवा घेईन, पोर्ट मोजून. डब्यावरचा नंबर सांगू नका, व्हर्नियर लावून सांगा.