मावशीची साडेचार मिनिटं

फ्लेक्स बांधून झाला होता, स्पीकरची चाचणी चालू होती, तेवढ्यात मावशी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "माझं तेवढं काढून टाका बाबांनो." पिक्चर सुरू व्हायला तास उरला होता.

बीड जिल्ह्यातला बालाघाटचा डोंगरपट्टा हा माझा कामाचा भाग. गावातल्या पोरापोरींना व्हिडिओ शिकवायचे, त्यांनी आपल्याच गावावर फिल्म करायची आणि आपल्याच गावाला दाखवायची, असं हे काम. लोकांना वाटतं मी कॅमेरा शिकवतो. कॅमेरा त्यांना माझ्यापेक्षा बरा येतो. २०१६ साली डेटा स्वस्त झाला तेव्हापासून रील काढून काढून हात बसलेत. मी शिकवतो ते गप्प बसणं. समोरचा माणूस बोलत असताना आपण "हं… हं… बरोबर" करायचं नाही, नुसती मान हलवायची, कारण तो "हं" नंतर कुठल्याच कात्रीनं निघत नाही. शिवाय ट्यूबलाइटखाली शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चेहऱ्यावर पट्टे सरकतात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून, नाहीतर चित्राचा चिखल होतो. एवढं आलं की बाकीचं त्यांचं ते करतात.

या गटाची फिल्म उचलीवर होती, म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर. पाचही जण ऊसतोडीच्या घरातले. एक पोरगा तर मागच्या हंगामात आईबापाबरोबर सांगलीकडे गेला होता आणि कोपीतून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतून, फुटेज पाठवत होता. पहाटे चारला ट्रॅक्टरच्या उजेडात चाललेली तोड, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाया. असलं फुटेज मुंबईहून गाडी करून आलेल्या कुठल्याच युनिटला मिळालेलं मी पाहिलं नाही. ती मंडळी येतात दुपारी, ऊन चांगलं पडल्यावर, आणि तोवर निम्मा दिवस संपलेला असतो.

सगळी फिल्म २६ मिनिटांची. तिच्यात साडेचार मिनिटं मावशीची. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ती एका हंगामाचा हिशेब सांगते. नवरा तापानं पडला. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक पडला की दुसऱ्याचंही काम बसतं. मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारानं, प्रत्येक दिवसाचा खाडा, म्हणजे दंड, लावला. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा उचल फिटलेली नव्हतीच, वर दवाखान्याचे पैसे चढले होते आणि सगळी बाकी पुढच्या हंगामाच्या वहीत गेली. २०२४च्या जानेवारीत करार होऊन तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. हे आकडे पोरांनी शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहून शूट केलेत. पण वाढलेला दर वहीतल्या जुन्या बाकीपर्यंत कसा पोचतच नाही, हे मावशी भाकरी उलटताना ज्या तऱ्हेनं सांगते, तसं मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

आणि तो आवाज! कॉलरचा माइक पदराखाली, पदर सरकला की खरखर येते म्हणून आत रुमालाची घडी. आवाज वेगळ्या मोबाइलवर घेतलेला. एडिटिंगला बसल्यावर तिसऱ्या मिनिटापासून ओठ आणि शब्द जुळेनात. मी म्हटलं, माइकचा मोबाइल खराब असेल. एडिटिंग करणाऱ्या पोरीनं ऐकलं नाही. तिनं शोधून काढलं की मोबाइल एकसारख्या फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की सेकंदाच्या फ्रेम कमी करतो, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या एकसारख्याच आहेत असं धरून चालतं. तिनं सगळं फुटेज आधी कायम २५ फ्रेमवर फिरवून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे शॉटच्या सुरुवातीलाच नव्हे, शेवटीही टाळी वाजवतात, म्हणजे चित्र किती सरकलं ते कळतं. बारावी झालेली पोरगी. पुण्यात फी भरून शिकलेल्यांना मी हे विचारून पाहिलंय, जाऊ द्या.

तर मावशी. कारण विचारायची गरज नव्हती. आदल्या दिवशीच तिच्या घरानं नवी उचल घेतली होती, त्याच मुकादमाकडून. तो पिक्चर बघायला येणार होता. येणार म्हणजे काय, गावात वीज गेली तर पंचाईत नको म्हणून जनरेटर त्याचाच आणला होता. माणूस वाईट नाही. स्वतः वीस वर्षं ऊस तोडलाय, कारखान्याकडून घेतलेल्या पैशांपायी त्याचीही जमीन गहाण आहे. फिल्ममध्ये तोही बोलतो, आणि बरा बोलतो. त्याला कसं टिपायचं यावर आमचा मोठा वाद झाला होता. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बाया कॅमेरा शिकल्या तेव्हा त्यांनी शॉटना स्वतःची नावं ठेवली. वरून खाली बघणारा तो पटेल, म्हणजे जमीनदार, शॉट आणि डोळ्याला डोळा भिडेल असा तो संघम, म्हणजे बायांच्या गटाचा, शॉट. हे सांगितल्यावर पोरांनी ठरवलं, मुकादमाला संघम शॉटच द्यायचा, खुर्चीवरून खाली बाजेवर बसवून.

आमच्या ऑफिसचं उत्तर मला तोंडपाठ होतं. मावशीनं संमतीपत्रावर सही केलेली आहे, ते मराठीत वाचून दाखवलेलं आहे, वाचून दाखवल्याचा व्हिडिओसुद्धा आहे. कागद पक्का. पण तो कागद ऑफिसच्या फाइलसाठी आहे, हे सही घेणारालाही ठाऊक असतं. आषाढात सही केली तेव्हा तिच्या अंगावर नवी उचल नव्हती.

पारामागं आम्ही उभे राहिलो. कॅमेरावाला म्हणाला, चेहरा ब्लर करू. बाकीचे हसलेच. ब्लर पुण्यामुंबईसाठी ठीक आहे. इथं आवाज, चूल, मागची भिंत, बांगड्या, सगळं गाव ओळखतं. आवाज बदलला तरी बोलण्याची ढब तीच. तिचं बोलणं दुसऱ्या बाईनं वाचावं, तर तापानं नवरा पडलेली दुसरी बाई गावात कोण? आमच्याकडे येणारी सगळी मार्गदर्शक पुस्तकं ओळख लपवायच्या युक्त्या देतात आणि बघणारे दूरचे आहेत असं धरून चालतात. इथं बघणारे भिंतीला भिंत लावून राहतात.

डायरेक्टर म्हणवून घेणारा पोरगा अडून बसला. "सर, पिक्चर तोच तर आहे. ते काढलं तर उरतं काय, ड्रोनशॉट?" ड्रोनही एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून मागून आणलेला. त्याचं चूक नव्हतं. फिल्म म्हणून बघितलं तर ती साडेचार मिनिटं काढणं म्हणजे मधलं माळद काढून घेणं. मी काहीच बोललो नाही. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा असा नियम आहे, आणि त्या वेळी तो नियम मला फार सोयीचा वाटला.

शेवटी एडिटिंगवाली बोलली. "मावशी याच्याच टोळीत जाणारे. माझी आई बी. आपण ट्रकात बसणार नाहीत." झालं.

आता काढायचं कसं? मूळ प्रोजेक्ट तालुक्याच्या सेंटरवरच्या कॉम्प्युटरवर. गावात लॅपटॉपवर होती फक्त तयार फाइल. "तेवढं हातानं पुढं ढकलू," असं कुणीतरी म्हणालं. म्हणजे तर सगळ्या गावाला सांगितल्यासारखंच. मग एडिटिंगवालीनं लॉसलेसकट उघडलं. फुकटचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ पुन्हा न बनवता फाइल नुसती कापतं, मिनिटभरात. त्यात एकच मेख आहे. ते हव्या त्या फ्रेमवर कापत नाही, तिच्या आधीच्या की-फ्रेमवर, म्हणजे फाइलमध्ये अख्ख्या साठवलेल्या फ्रेमवर, कापतं. आमची फाइल लॅपटॉपच्या ग्राफिक चिपवरून निघालेली, तिथं की-फ्रेम ठरावीक अंतरानं पडते, मध्ये शॉट बदलला तरी तिला त्याचं काही नाही. दोन तुकडे केले, व्हीएलसी प्लेअरमध्ये एकामागं एक लावले, आणि मावशीला सांगितलं, काढलं. ती पुढच्या रांगेत जाऊन बसली.

पडदा म्हणजे कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची पाठ. पांढरीशुभ्र असते, फुकट मिळते आणि प्रत्येक गावात असते. लोकशाहीचा एवढा रोकडा उपयोग दुसरा नाही. गर्दी चांगली जमली. तालुक्याच्या केबलवाल्याला आम्ही आधी विचारलं होतं, त्याच्या चॅनलवर संध्याकाळची वेळ क्लासच्या जाहिरातींना विकलेली. खेड्यातल्यांसाठी खेड्यातल्यांचा टीव्ही हे स्वप्न जुनंच आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात इस्रोनं १९७५ पासून ते खरंही करून दाखवलं, १९८४ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पीज गावचा ट्रान्समीटर बंद. म्हणून आपला फ्लेक्स बरा.

पहिला तुकडा संपला. दुसरा सुरू झाला आणि पडद्यावर दोन सेकंद मावशीचा हात आला. हिरव्या बांगड्या, तव्यावरची भाकरी आणि आवाज, "…असं हाय बघा." लगेच पुढचा शॉट, शाळेची भिंत.

गाव हसलं. दोनचार माना मावशीकडे वळल्या. मुकादम बाजेवरून मोठ्यानं म्हणाला, "कसं हाय? मागचं काय झालं रं?" डायरेक्टर पोरगा चाचरत म्हणाला, "आवाज खराब आला व्हता, वाऱ्याचा." मावशी न वळता म्हणाली, "भाकरीचं सांगत व्हते." पुन्हा हशा, त्यात मुकादमही होता. बायकांच्या बाजूनं मात्र कुणी हसलं नाही. फिल्म शेवटपर्यंत चालली, टाळ्या पडल्या, मुकादमानं पोरांना चहा पाजला.

मी अडकलोय तो त्या दोन सेकंदांवर. की-फ्रेमची मेख त्या पोरीला माझ्याहून चांगली माहीत आहे. काप एक की-फ्रेम पुढं नेला असता तर मावशीऐवजी भिंतीच्या शॉटची सुरुवात गेली असती, कुणाला कळलंही नसतं. जी पोरगी ओठ-आवाजाची चार फ्रेमची फट सहन करत नाही, तिनं कापलेला तुकडा एकदा चालवून बघितला नसेल? परत येताना विचारलं. म्हणाली, "वेळ नव्हता सर." वेळ नव्हता हे खरंच आहे. मावशी रागावली का, तेही मला कळलं नाही. जाताना तिनं त्याच पोरीच्या हातात शेंगांची पिशवी दिली.

दिवाळीनंतर ट्रक गेले. ऑफिसनं पैसे देणाऱ्यांना दाखवायला फिल्म मागितली, पूर्ण की कापलेली हे काही लिहिलं नव्हतं. मी कापलेली पाठवली. तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला की फिल्म चांगली आहे, मात्र चौदाव्या मिनिटाला एक झटका बसतो, तांत्रिक चूक दिसते, दुरुस्त करावी. मी कळवलंय, पट्टा पडल्यावर मंडळी परत येतील, तेव्हा विचारून करू.