अर्ज न करता मिळालेली मुदत

जानेवारी २०२३ च्या मध्यावर साताऱ्याहून बाबांचा फोन आला, तेव्हा कॅलिफोर्नियातील पावसाची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. डिसेंबरच्या अखेरीपासून पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या बाष्पाच्या लांबलचक पट्ट्यांनी, ज्यांना येथील हवामानशास्त्रज्ञ 'वातावरणीय नद्या' म्हणतात, राज्याला एकामागून एक झोडपून काढले होते. मर्सेड काउंटीतील (काउंटी म्हणजे येथील जिल्हा) प्लानाडा हे गाव पाण्यात गेले होते आणि कॅपिटोलाच्या समुद्रावरील जुना लाकडी धक्का लाटांनी मधोमध तोडला होता. आमच्या फ्रीमाँटच्या घराचे नुकसान म्हणाल, तर कुंपणाच्या दोन फळ्या पडल्या होत्या, एवढेच. तरीही आमच्या आयकर विवरणपत्राची मुदत १८ एप्रिलवरून १५ मेपर्यंत पुढे गेली आहे, हे मी सहज सांगितले आणि बाबा थबकले. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी नोकरी केलेल्या या गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, "अगं, पण अर्ज कुठे केलास? पंचनामा झाला का तुमचा?"

अर्ज केला नव्हता आणि पंचनामाही झाला नव्हता. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे पंचनाम्यांसाठी लोकांना काय यातायात करावी लागली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील नवल कळेल. अमेरिकेच्या आयकर कायद्याच्या कलम ७५०८-अ नुसार केंद्र सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागातील करदात्यांसाठी करविषयक तारखा एक वर्षापर्यंत पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारला आहे. हा लाभ कोणाला द्यायचा हे आयआरएस, म्हणजे येथील केंद्रीय आयकर खाते, आपल्या दफ्तरी नोंदलेल्या पत्त्यावरून ठरवते. पत्ता आपत्तिग्रस्त काउंटीतला असला की मुदत आपोआप बदलते, घरात पाणी शिरले होते की नाही हे कोणी विचारत नाही. याउलट सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्या पण ज्याची सर्व कागदपत्रे कॅलिफोर्नियातील सनीवेलच्या करसल्लागाराकडे अडकली आहेत अशा माणसालाही ही सवलत मिळू शकते, मात्र त्याला स्वतः फोन करून ती मागावी लागते.

१५ मेची तारीखही टिकली नाही. २४ फेब्रुवारीला आयआरएसने ती १६ ऑक्टोबरपर्यंत नेली आणि मार्चच्या आरंभी राज्य सरकारनेही आपल्या आयकरासाठी तीच तारीख स्वीकारली. सवलत केवळ वार्षिक विवरणपत्रापुरती नव्हती. ज्यांचा कर पगारातून कापला जात नाही त्यांनी तीन-तीन महिन्यांनी भरायचे हप्ते, म्हणजे आपल्याकडील अग्रिम करासारखी गोष्ट, जानेवारी, एप्रिल, जून आणि सप्टेंबर असे चारही हप्ते ऑक्टोबरपर्यंत थांबवता येत होते आणि त्यावर व्याज किंवा दंड लागणार नव्हता.

या मुद्द्यावर येथील मराठी मंडळींचाही गोंधळ होताना मी पाहिला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अमेरिकेत कोणत्याही वर्षी, कोणतीही आपत्ती नसताना, ४८६८ क्रमांकाचा अर्ज भरून विवरणपत्रासाठी सहा महिने वाढवून घेता येतात. पण ती वाढ केवळ कागद सादर करण्यासाठी असते, पैसे मूळ तारखेलाच भरावे लागतात. न भरल्यास थकलेल्या करावर दरमहा अर्धा टक्का दंड आणि शिवाय व्याज चालू होते, आणि त्या वर्षी हे व्याज वार्षिक सात टक्के होते, ऑक्टोबरपासून आठ झाले. विवरणपत्रच वेळेत दिले नाही, तर दंड दरमहा पाच टक्के या दराने पंचवीस टक्क्यांपर्यंत चढतो. आपत्तीची मुदत निराळी असते, कारण तीत कागद आणि पैसे दोन्ही थांबतात. एरवी सहा महिन्यांची वाढ घेणाऱ्या एका स्नेह्यांनी नेहमीच्या सवयीने एप्रिलमध्येच सर्व रक्कम भरून टाकली आणि पुढे हा फरक कळल्यावर ते पुष्कळ दिवस हळहळत होते.

आमच्यापुरती ही मुदत आणखी एका कारणाने सोयीची ठरली. माझे साताऱ्याच्या बँकेत अनिवासी ठेवीचे खाते आहे आणि त्याच्या व्याजावर भारतात तीस टक्के अधिक उपकर असा टीडीएस कापला जातो. ते व्याज अमेरिकेतही उत्पन्न म्हणून दाखवावे लागते आणि भारतात भरलेल्या कराची वजावट येथे मागता येते. पण अमेरिकेचे करवर्ष डिसेंबरला संपते आणि भारताचे मार्चला, त्यामुळे एप्रिल ते डिसेंबरच्या कपातीचा पूर्ण तपशील भारतातील आर्थिक वर्ष उलटून गेल्यावर हाती येतो. दर एप्रिलमध्ये अंदाजाने आकडे भरून नंतर दुरुस्ती करण्याची जी कसरत असते, ती त्या वर्षी करावी लागली नाही. परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल तर जो स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो, तो मात्र आयआरएसकडे नव्हे तर फिनसेन या दुसऱ्या यंत्रणेकडे जातो आणि त्याचे वेळापत्रक वेगळे असते. दोन्ही कामे एकाच टोपलीत टाकण्याची चूक मी जवळजवळ केलीच होती.

जून उजाडला तेव्हा राज्यातील पुष्कळ लोकांच्या घरी थकीत कराची मागणी करणारी छापील पत्रे येऊन पडली. ज्यांनी विवरणपत्र लवकर दिले पण पैसे ऑक्टोबरसाठी राखून ठेवले, त्यांना यंत्रणेने नियमाप्रमाणे सूचना धाडली होती. मुदत ऑक्टोबरपर्यंतच आहे आणि त्यासाठी फोन करण्याची गरज नाही, असा खुलासा आयआरएसला जाहीरपणे करावा लागला.

मला खटकलेली गोष्ट मात्र याहून वेगळी आहे. मार्चमध्ये माँटेरे काउंटीत पाहारो नदीचा बांध फुटला आणि शेतमजुरांची वस्ती असलेले पाहारो हे गाव रातोरात रिकामे करावे लागले. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात राबणाऱ्या मजुराचा कर मजुरीतूनच कापलेला असतो आणि वर्षअखेर त्याला बहुधा परतावाच मिळायचा असतो. अशा माणसाला पैसे भरण्याची तारीख सहा महिने पुढे नेऊन काय मिळणार? त्याने उशिरा विवरणपत्र दिले, तर त्याचा परतावाच उशिरा येणार. उलट ज्यांना शेअर विकून झालेल्या नफ्यावर मोठा कर भरायचा होता, अशा सिलिकॉन व्हॅलीतील कोरड्या घरांत बसलेल्या लोकांना ती रक्कम जवळजवळ पाच टक्के व्याज देणाऱ्या सरकारी हुंड्यांत गुंतवता आली. अर्जाशिवाय, पंचनाम्याशिवाय मिळणारी सवलत झटपट पोहोचते हे खरेच, पण ज्याचे देणे मोठे त्यालाच तिचा लाभ मोठा.

हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी २०२० ची आठवण काढली. करोनाच्या वर्षी भारताने वैयक्तिक विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून आधी ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर आणि शेवटी १० जानेवारी २०२१ अशी तीनदा हलवली. पण त्यात एक खुंटी मारून ठेवली होती. स्वनिर्धारण कर, म्हणजे विवरणपत्राच्या वेळी स्वतः हिशेब करून भरायचा उरलेला कर, एक लाख रुपयांपर्यंत असेल त्यालाच पैसे थांबवण्याची मुभा होती आणि त्याहून अधिक देणे असणाऱ्यांना मूळ तारखेपासून कलम २३४-अ चे दरमहा एक टक्का व्याज चालूच राहिले. "मोठ्या माणसाला थांबायला सांगायचं नसतं, त्याच्याकडे पैसे असतात," असे बाबांनी त्याचे सोपे भाष्य केले. भारतातील विवरणपत्राचे संकेतस्थळ, शेवटच्या दिवसांतली त्याची अवस्था आणि सीएंची धावपळ यांवर आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे तोंडसुख घेतले आहे, पण ही एक लाखाची रेघ मला अधिक विचारपूर्वक ओढलेली वाटते.

अशी रेघ अमेरिकेलाही अगदीच अपरिचित नाही. करोनाच्या काळातील २०१९ आणि २०२० या वर्षांची विवरणपत्रे ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत देणाऱ्यांचा उशिराचा दंड आयआरएसने माफ केला आणि ज्यांनी तो आधीच भरला होता अशा सुमारे १६ लाख करदात्यांना १२० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत दिली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा, थकबाकीची स्मरणपत्रे पाठवणे फेब्रुवारी २०२२ पासून थांबवल्यामुळे लोकांच्या नकळत वाढत गेलेला दंड माफ झाला, आणि या वेळी आकारलेला कर एक लाख डॉलरपेक्षा कमी असण्याची अट होती. एक लाख हाच आकडा दोन्हीकडे यावा हा योगायोग, डॉलर आणि रुपयाचा फरक सोडून देऊ. या दोन्ही माफ्या दंडापुरत्या होत्या, कर आणि त्यावरचे व्याज द्यावेच लागले.

कॅलिफोर्निया राज्य सरकारला मात्र २०२३ च्या मुदतवाढीची ही उदारता महागात पडली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर करावाच लागतो. त्या वर्षी करदात्यांनी किती पैसे भरले हे ऑक्टोबरशिवाय कळणार नव्हते, त्यामुळे अंदाजावरच खर्च ठरवावा लागला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या विश्लेषकांच्या कार्यालयाने हिशेब मांडला, तेव्हा २०२२-२३ चा महसूल अपेक्षेपेक्षा २६ अब्ज डॉलरने कमी भरला आणि पुढील तूट ६८ अब्ज डॉलरची असल्याचे समोर आले. महसूल मुदतीमुळे घटला नव्हता, तो शेअर बाजार आणि तंत्रज्ञान उद्योगाच्या मंदीने घटला होता. मुदतीमुळे ती घट आठ महिने दिसली नाही.

१६ ऑक्टोबर आला. आमच्या करसल्लागार बाईंनी त्याआधीचे शनिवार-रविवार कार्यालयातच काढले होते. आमचे विवरणपत्र त्यांनी १४ तारखेला सादर केले आणि पैसेही त्याच वेळी भरले. सोमवारी, म्हणजे मुदत संपण्याच्याच दिवशी, आयआरएसने जाहीर केले की राज्यातील ५८ पैकी ५५ काउंटींसाठी मुदत आता १६ नोव्हेंबर आहे. बाईंनी मला पाठवलेल्या निरोपात केवळ एक हात जोडलेले चित्र होते. साताऱ्याला फोन करून सांगितले, तर बाबा मनापासून हसले आणि म्हणाले, "आपल्याकडेही असंच होतं, पण निदान आदल्या दिवशी तरी कळतं."

भरायचा कर तोवर सहा महिने बचत खात्यात पडून होता. पुढच्या जानेवारीत बँकेकडून त्या व्याजाचा तपशील आला आणि २०२३ च्या विवरणपत्रात ते व्याज मी उत्पन्न म्हणून दाखवले. त्या वर्षीची मुदत १५ एप्रिलच होती.