तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीत काय टाकता?

माझे सायनोटाइप (कागदावर रसायन लावून उन्हात काढलेले निळे फोटो) बघितले की हमखास येणारा प्रश्न म्हणजे "बाटलीत काय टाकता हो, निळा एवढा गडद आणि पांढरं एवढं स्वच्छ कसं?" खरं सांगू, बाटलीत विशेष काहीच नाही, ही पद्धत शोधणाऱ्या जॉन हर्शेलने 1842 मध्ये वापरलेलीच जोडी, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. डायक्रोमेट या रसायनाचे दोन-चार थेंब घातले की कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-उजळातला फरक, चढतो हे खरंय, पण ते विषारी, कॅन्सरचा धोका असलेलं, आणि सपाट, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या, निगेटिव्हवर तो उपाय करणं म्हणजे फोडणी विसरलेल्या वरणावर कच्ची मोहरी भुरभुरणं. मी ते घरात आणतच नाही.

कॉन्ट्रास्ट निगेटिव्हमध्येच हवा, आणि साध्या ब्रोमाइड पेपरला (नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदाला) लागतो त्यापेक्षा बराच जास्त. त्यात सायनोटाइपला यूव्ही लागतं, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा नेहमीचा एन्लार्जर इथे उपयोगाचा नाही, निगेटिव्ह कागदावर ठेवायची, वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचं, म्हणजे जेवढी निगेटिव्ह तेवढाच प्रिंट. आता आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा विकतचा कॅमेरा कुणाला परवडतोय, म्हणून मग प्लायचा डबा, 200 मिमी खोल, पुढे लेन्सऐवजी पत्र्याला साधारण 0.6 मिमीचं भोक, आणि आत एक्स-रे फिल्म, स्वस्त आणि लाल दिव्यात हाताळता येणारी.

गंमत अशी की हा डबाच अर्धं काम करतो. भोक एफ 300 च्याही पुढे (खोली भागिले भोक), म्हणजे उजेड फारच कमी, एक्सपोजर लांबतं, आणि लांब एक्सपोजरमध्ये फिल्म मंद उजेडाला जास्तच मंदपणे प्रतिसाद देते, म्हणजे सावल्या मागे पडतात आणि कॉन्ट्रास्ट आपोआप वाढतो. शिवाय बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं त्यामुळे काळेपणा भरपूर मिळतो (ओरखडेही भरपूर, ट्रेच्या तळाशी काच ठेवा). उरलेलं डेव्हलपरमध्ये, वेळ वाढवली की हायलाइट (दृश्यातले उजळ भाग) चढतात आणि सावल्या जवळपास तिथेच राहतात.

पण डबा आतून मॅट काळा पाहिजे म्हणजे पाहिजेच, ऑइलपेंट चकाकतो आणि तो उडालेला उजेड सगळ्या निगेटिव्हवर धुक्यासारखा पसरतो, तिथे गेलेला कॉन्ट्रास्ट कुठलंही केमिकल परत देत नाही.

आणि उलटं झालं, निगेटिव्ह फारच कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची, निघाली, तर प्रिंटच्या पहिल्या धुण्यात साधं व्हिनेगर पाणी घालून वापरा, मधले टोन उघडतात, फक्त उन्हातला वेळ थोडा कमी करा.