ब्रेक पॅडसाठी पाच आठवडे: माझा अनुभव

पुढचे ब्रेक पॅड बदलायला इंदुरात मला पाच आठवडे लागले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

गाडी जुनी, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार. सेकंडहँड घेतली, पण जिवापाड जपतो. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात पॅड झिजल्याचा दिवा लागला. शेजारी आई बसली होती. घरापर्यंत खालच्या गिअरवर गाडी रोखत आणली. चाक काढून पाहिलं तर पॅड ३ मिलीमीटरपेक्षाही कमी उरले होते.

कोणते पॅड घ्यायचे ते एका संध्याकाळी ठरलं. मित्र म्हणाला, रेसिंगचे घाल, गाडीला शोभतील. मी ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. ते पॅड चांगले तापल्यावरच नीट पकडतात, आणि राजवाड्यापाशी रिक्षा आडवी येते तेव्हा पॅड थंडच असतात. शिवाय ते किंचाळतात आणि डिस्कही, म्हणजे पॅड जिला दाबून चाक थांबवतात ती चकतीही, लवकर खातात. रोजच्या रस्त्याला पहिल्याच दाबाला पकडणारा पॅड हवा. बऱ्याच पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं थंडपणीचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर घाटात तापल्यावर पकड कमी होणार, म्हणून तो पॅड मी घेत नाही. बदली पॅडसाठीच्या युरोपच्या आर-९० नियमाची खूणही बघा. ब्रेकिंग मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असलं तरच ती मिळते.

खरं घोडं अडलं पार्टच्या काउंटरवर. तिथल्या माणसाने मॉडेल आणि वर्ष विचारलं, कॉम्प्युटरवर नंबर काढला आणि पूर्ण पैसे आगाऊ घेतले. "कल आ जाएगा." ते उद्या अकरा दिवसांनी उगवलं. गाडी लिफ्टवर चढली, चाकं निघाली, आणि पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना धरून डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, बसेचनात! माझ्या मॉडेलला त्याच वर्षी पुढे दोन मापांच्या डिस्क येत होत्या, ३१२ आणि ३४० मिलीमीटरच्या. माझी मोठी, पॅड छोटीचे. वर मलाच ऐकवलं, डबा उघडलाय, परत होणार नाही. मी म्हटलं, डबा तुमच्याच माणसाने उघडला. त्यावर साहेब जेवायला गेलेत असं सांगून मला तासभर बाकावर बसवलं. भांडून दुसरी ऑर्डर टाकून घेतली. दोन आठवड्यांनी आलेल्या डब्यावर तोच नंबर. तोच! चासी नंबर टाकून बघा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा "सिस्टम में यही दिखाता है" एवढंच उत्तर मिळालं.

गाठ सोडवली पलासियाजवळच्या आमच्या जुन्या मिस्त्रीचाचांनी. म्हणाले, "बेटा, गाडी के नाम से मत मँगाओ, डिक्की का स्टिकर देखो." स्पेअर चाकापाशी एक कागदी स्टिकर होता आणि त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड. त्यातला एक पुढच्या ब्रेकचा. तो मोबाइलवर टिपला, काउंटरवर उभं राहून एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि पार्ट नंबरवर सही घेतली. पाचव्या आठवड्यात बरोबर पॅड आले. मूळ पैसे न वाढवता घेतले, याचा मला अभिमान आहे.

तेव्हा ऑर्डरच्या आधी स्टिकरचा फोटो काढा. पॅडसोबत झीज ओळखून दिवा लावणाऱ्या सेन्सरची वायरही मागवा. दिवा एकदा लागला की ती घासून गेलेली असते. पैसे भरण्यापूर्वी डिस्कचं माप चाचांसारख्या जाणत्याकडून मोजून घ्या.

पॅड बसवल्यावर भल्या पहाटे शहराबाहेरच्या रुंद रस्त्याला, सुपर कॉरिडॉरला गेलो. मागे कुणी नाही असं बघून ताशी ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा वेग उतरवला. मग ब्रेक न लावता गाडी फिरवून सगळं थंड होऊ दिलं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहू नका, तिथेच त्यांचा थर चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

एक गोष्ट वर राहून गेली. नवे पॅड बसवताना त्यांना दाबणारे पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात. गॅरेजमधून गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा.